पौषात पाहिलेली गाडी

संक्रांत उलटली की माहेरून तुरीच्या शेंगांचं पोतं येतं. यंदाही आलं. पारशिवनीच्या एस.टी.च्या टपावर बसून, एका कोपऱ्यातून फाटून, वाटभर शेंगा सांडत आलं. ओसरीवर ते उपडं केलं आणि त्या हिरव्या, तुरट, जरा धुळकट वासाबरोबर पौष घरात शिरला. आमच्या नागपूरच्या उन्हाळ्याची बदनामी इतकी मोठी आहे की इथल्या थंडीकडे कोणी लक्षच देत नाही. पौषातल्या सकाळी नळाखाली हात धरून पाहावा. बोटं आपली की शेजारणीची हे कळायला वेळ लागतो. शेंगा सोलायला मी उन्हात बसते आणि ऊन सरकेल तशी पाट घेऊन सरकत राहते. वाटाणे सोलताना माणूस गप्पा मारू शकतो. तुरी सोलताना का कोण जाणे, आठवतच जातं.

हेच पटाचे दिवस. पट म्हणजे बैलजोड्यांची शर्यत. कापूस बराचसा वेचून झालेला असतो, गहू पोटरीएवढा आलेला असतो, आणि माणसांच्या अंगात रिकामपणाची खुमखुमी असते. गावाबाहेर सपाट केलेली लांब धाव, तिच्यावर दोन बैल, मागे एक हलका छकडा आणि त्याच्यावर जोडी हाकणारा एक माणूस. त्याला धुरकरी म्हणतात. झेंडी पडली की सगळा खेळ डोळ्याची पापणी लवेपर्यंत संपतो. तेवढ्यासाठी वर्षभर बैलाला पेंड, अंडी, लोणी, काय काय चारतात. माझे वडील पटाचे बैल ठेवायचे. म्हणजे पोट शेतीवरच होतं, पण कोणी काय करता म्हणून विचारलं तर ते आधी बैल सांगायचे आणि मग, आठवलंच तर, शेती.

पण तीन-चार वर्षांपूर्वीचा पौष आमच्या घरी बैलांचा नव्हता, गाडीचा होता. तुरीचा वास आला की मला तोच पौष आठवतो.

अरू आमचा एकुलता एक. खाणकामाचा इंजिनियर झाला आणि उमरेडच्या बाजूच्या कोळशाच्या खाणीत लागला. तिथे राहायला क्वार्टर मिळत होतं. मीच नको म्हटलं. एकटा राहशील, खाणार काय, कपडे कोण धुणार, अशी सतरा कारणं दिली. खरं कारण हेच की मला तो रोज संध्याकाळी डोळ्यांसमोर हवा होता. म्हणजे मुलाला रोज त्या कोळशाच्या ट्रकांच्या रस्त्यावरून जायला-यायला लावलं ते मीच, आणि तो परत येईस्तोवर जीव मुठीत धरून बसणारीही मीच. माझ्या या शहाणपणाला तोड नव्हती.

एका सकाळी चहा पिता पिता तो म्हणाला, "आई, गाडी घेऊन राहिलो मी. चारचाकी."

"काहून? एस.टी. बंद झाली का?"

"शिफ्ट सुटते तवा एस.टी. नसते वं. अन् मले अशी गाडी पायजे का रोज कामाले बी आली पायजे, अन् पळाली बी पायजे."

ह्यांनी पेपरातून डोकं न काढता विचारलं, "पळाली कायले पायजे? उमरेड काय पळून जाऊन राहिलं?" ह्यांची कचेरीतली नोकरी संपायला दोन वर्षं उरली होती, गुडघे त्याआधीच निवृत्त झाले होते, आणि पेपरात आलेल्या प्रत्येक विषयावर ह्यांचं मत तयार होतं.

अरू ह्यांच्याशी बोललाच नाही. माझ्याकडे वळून म्हणाला, "आई, गाडी तू पाह्य. मामा म्हणते, आबाजींची नजर तुह्यात आली. तू हो म्हटलं तं घेतो, नाई म्हटलं तं नाई."

सव्वीस वर्षांच्या मुलाने असं म्हटल्यावर कोणती आई फुगणार नाही? मी फुगले. फुगून दोन कप चहा जास्त केला. आमच्यात पौषात नवीन वस्तू घेत नाहीत, पण पाहायला कोणाची बंदी नाही. म्हणजे माघ लागेपर्यंत आमच्या हाती पुरा महिना होता. महिनाभर तीन माणसांना भांडायला तो पुरेसा होता.

माझे बाबा, म्हणजे अरूचे आबाजी, बैल कसा पाहायचे ते मला अजून दिसतं. बाजारात ते बैलाकडे आधी पाहायचेच नाहीत. त्याच्या मालकाशी पाऊसपाण्याचं बोलायचे, तंबाखू मळायचे, आणि बैलाला आपण कोणाच्या लक्षातच नाही असं वाटू लागलं की हळूच नजर टाकायचे. उभा असताना चारही पायांवर सारखा उभा आहे का. कानाजवळ टाळी वाजवली तर दचकतो का, आणि दचकला तर किती वेळात निवतो. शेणसुद्धा काडीने उकरून पाहायचे. मग त्याला पळवायला लावायचे. सगळा बाजार पळणाऱ्या बैलाकडे बघायचा. बाबा मात्र धाव जिथे संपते तिथे, पार टोकाला जाऊन उभे राहायचे आणि मला बोटाने दाखवायचे, "आता पाह्य सुमे, थांबते कसा." पटाला बायका-मुली जात नसत. मी जायचे, कारण आपली ही पोरगी आहे ही गोष्ट बाबांना बैलांच्या दिवसांत आठवत नसे. धाव संपली की पुढे तेवढीच मोकळी जागा सोडलेली असते, थांबण्यासाठी. बाबांच्या लेखी खरा पट तिथे होता. जो बैल भरात येऊनही एका हाकेवर अंग आवरतो तो शेतातही चालतो आणि पटातही. जो आवरत नाही, तो कितीही पळो, बाबा पाठ फिरवायचे.

आणि एका पौषात त्यांच्याच गोठ्यातला चांद्या आवरला नाही.

माझं लग्न होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. संक्रांतीला माहेरी आले होते, कडेवर अरू होता. बाबांची जोडी आणि छकड्यावर माझा मोठा भाऊ गणपत. त्या वर्षी थांबण्याच्या जागेत लोक घुसले होते. त्यांना हाकलणारे दमले आणि तेही त्यांच्यातच उभे राहिले. झेंडी पडली. जोडी अशी सुटली की मागे नुसती धूळ. आणि धाव संपायच्या आधीच ती तिरकी झाली, छकडा आडवा पडला, चाक वर फिरत राहिलं. धूळ खाली बसली तेव्हा भाऊ छकड्याखाली होता. जीव वाचला. उजवा पाय मांडीपासून वाकडा झाला तो कायमचा. चांद्या भडकला, सगळे म्हणाले. भाऊही तेच म्हणाला. पुढच्या बाजारात बाबांनी चांद्याला विकून टाकलं आणि पुन्हा पटाचा बैल दावणीला बांधला नाही.

त्या धुळीत उभी असताना मी कडेवरच्या अरूला इतकं आवळलं होतं की तो रडायला लागला. ते आवळणं मी नंतर कधी सोडलंच नाही, हे मला फार उशिरा कळलं. मुलगा चालायला लागला, मी म्हटलं हळू. सायकल मागितली, दहावी होईपर्यंत दिली नाही, आणि दिली तेव्हा कोपऱ्यापर्यंत मागे चालत जायचे, हळू हळू म्हणत. कॉलेजात गेल्यावर त्याच्या मित्रांच्या फटफट्या अंगणात उभ्या असायच्या आणि मी खिडकीतून त्यांच्याकडे असं पाहायचे की ती मुलं चहा न घेताच निघायची. रोज सकाळी दारात उभं राहून मी एकच शब्द म्हणायचे. देवाला नमस्कार चुकला असेल, तो शब्द चुकला नाही.

आता अशा बाईला गाडी निवडायला सांगितली, तर ती काय निवडणार? मी ठरवूनच टाकलं होतं. जी सगळ्यात कमी पळेल ती. नजर बाबांची वगैरे ते सांगण्यापुरतं.

पहिली गाडी धंतोलीत पाहिली. जुनी, मोठी, गोल पाठीची, दुधी रंगाची. मालक सत्तरीचे, त्यांनी ती फक्त लग्नाला आणि दवाखान्यात जायला वापरलेली. ह्यांना बघताक्षणी पसंत पडली. मागे बसून पाय लांब करता आले, मग पुढे बसून लांब करता आले. डिकी उघडून म्हणाले, "यात तं तुरीचे चार पोते येतात वं!" मी पदर खोचून खाली वाकले आणि गाडीच्या पोटाखाली काय गळलं आहे ते पाहिलं. मालकांच्या भुवया वर गेल्या. अरूने तोंड फिरवून हसू दाबलं. मग मी अरूला ती गल्लीतून चालवायला लावली आणि स्वतः टोकाला जाऊन उभी राहिले. हात वर केला. अरूने ब्रेक दाबला, आणखी एकदा दाबला, आणि गाडी माझ्यासमोरून डुलत डुलत दोन घरं पुढे जाऊन थांबली.

बाबा असते तर त्यांनी तिथेच पाठ फिरवली असती. मला दिसलं होतं. स्वच्छ दिसलं होतं. पण ही गाडी पळत नाही, एवढंच मी धरून ठेवलं आणि म्हटलं, "चांगली हाये. गरीब हाये. हेच घे."

मी खोटं बोलले. बाबांच्या नजरेच्या नावावर, माझ्या पोटच्या मुलाशी खोटं बोलले.

अरूने किल्ली मालकांना परत दिली. पण त्याने एक लाल गाडी पाहून ठेवली होती. छोटी, दोन दारांची, जमिनीलगत बसकी, गियर पायाशी असलेली. सक्करदऱ्याच्या एका डॉक्टरांची. ते कायमचे परदेशी चालले होते. अरू तिच्याबद्दल बोलायचा तेव्हा त्याचा आवाज बदलायचा. रोज इतकी जाते, पेट्रोल इतकं कमी खाते, वळणावर अशी बसते, मागची सीट पाडली की सामानही राहतं. ह्यांचं एकच म्हणणं, "दोनच दारं? मंग मी मागं कसा जाऊ, खिडकीतून?" माझं तेवढंही म्हणणं नव्हतं. मी नुसती नाही म्हणायचे.

घरात त्या दिवसांत भांड्यांचा आवाज जास्त व्हायला लागला. अरू जेवून उठायचा, पण ताटातली सोल्यांची, म्हणजे ओल्या तुरीच्या दाण्यांची, भाजी तशीच राहायची, आणि ती त्याची सगळ्यात आवडती. मी हळदीकुंकवाला जायचे तर बायका वाण देता देता विचारायच्या, झाली का गाडी? कोणी तरी सांगायचंच, त्या उमरेड रोडवर काल पुन्हा एक जण ट्रकखाली गेला म्हणे. मी तिळगूळ घेऊन गोड बोलून घरी यायचे आणि घड्याळासमोर बसायचे. अरूला यायला उशीर झाला की फोडणी जळायची. एक दिवस तो आला आणि चपला काढता काढता म्हणाला, "ठीक हाये आई. तू म्हणतं तं थेच घेतो, धंतोलीवाली. माघ लागला का घेऊ."

मी जिंकले होते. त्या संध्याकाळी माझ्या हातून दूध उतू गेलं, मीठ दोनदा पडलं, आणि हे म्हणाले, "काहून वं, पोट्ट्यानं तुह्यं आयकलं तं तोंड काहून पाडून राहिली?" मी ह्यांच्यावर उगाच ओरडले.

पौष संपायला आठवडा असताना भाऊ आला, पायाच्या तेलासाठी. तो वैद्याकडे दरवर्षी थंडीत यायचा. त्या रविवारी लाल गाडीच्या डॉक्टरांनी अरूला गाडी दिवसभर चालवून पाहायला दिली. नाही म्हणायचं तर म्हणा, पण एकदा बसून तर पाहा, असा त्यांचा निरोप. अरू मला म्हणाला, "घ्याची नाई, पन एक डाव बस वं माह्या संगं. मामालेबी घे." ह्यांनी मागच्या सीटकडे पाहिलं, आपल्या गुडघ्यांकडे पाहिलं, आणि घर राखायची जबाबदारी घेतली.

भाऊ काठीसकट मागे घुसला, मी पुढे. सकाळची थंडी, धुकं नुकतंच उठलेलं. दिघोरी मागे पडली, दोन्ही बाजूंना तुरीची शेतं लागली, कापलेल्या पेंढ्यांच्या रांगा उन्हात वाळत होत्या. गाडी गुळगुळीत चालत होती. मला ती आवडली होती, आणि आपल्याला ती आवडते आहे याचा मला राग येत होता. मी काट्याकडे पाहिलं. अरू चाळीसच्या वर जात नव्हता. माझ्यासाठीच, असं मला वाटलं. समाधानही वाटलं.

पाचगावच्या अलीकडे पुढे एक ट्रक लागला. वरपर्यंत भरलेला, ताडपत्री फडफडत असलेली, मधूनच एखादा कोळशाचा खडा रस्त्यावर टणकन पडत होता. त्याच्या धुरात आम्ही मैलभर तरी गेलो असू. अरूने हॉर्न दिला. ट्रकवाल्याने हात बाहेर काढून पुढे जा अशी खूण केली. रस्ता सरळ होता. पार लांब एक एस.टी. येताना दिसत होती, काड्यापेटीएवढी. मी उभ्या जन्मात स्टिअरिंग धरलेलं नाही, पण मलाही दिसत होतं, वेळ भरपूर आहे. अरूने गाडी बाहेर काढली. गाडीने जोर धरला, ट्रकचं मागचं चाक माझ्या खिडकीशी आलं, आणि मग अरूचा पाय उठला.

गाडी तिथेच राहिली. ना पुढे, ना मागे. ट्रकचं ते चाक माझ्या हाताशी फिरत होतं आणि समोरची एस.टी. काड्यापेटीची पेटी झाली, पेटीची भिंत झाली. अरू स्टिअरिंग धरून नुसता बसला होता. भाऊ मागून ओरडला, "पाहून काय राहिला गा, एक काही तरी कर!" अरूने ब्रेक दाबला. गाडी जागच्या जागी अशी थांबली की माझं कपाळ काचेला लागलं. ट्रक पुढे सरकला, अरूने गाडी डावीकडे ओढली, एस.टी. लांब हॉर्न देत शेजारून गेली आणि आम्ही रस्त्याखालच्या मातीत उभे राहिलो.

शेजारच्या गिट्टीखदानीतली, दगडाच्या खाणीतली, पांढरी धूळ काचेवर बसत होती. रविवार असूनही कुठे तरी दगड फुटत होते. मला पहिला विचार जो आला तो सांगायची लाज वाटते, पण तोच आला. ही गाडी थांबली. धंतोलीची असती तर दोन घरं पुढे जाऊन थांबली असती, आणि ती दोन घरं म्हणजे एस.टी. होती.

अरूने किल्ली फिरवून गाडी बंद केली. तो समोर बघूनच म्हणाला, "रोज असंच होते. खाणीची जीप घेऊन निंगलो का ट्रकच्या मागं मागं जातो. पोट्टे हासतात. म्हनून पळणारी पायजे होती. वाटलं, गाडीत जोर असला तं माह्यातबी येईन."

"भेतं कोणाले तू? ट्रकले?"

"ट्रकले नाई. अर्ध्यात गेलो का तुहा आवाज येते आई. हळू. मंग पायच उठते."

मला राग आला. इतका राग आला की कोणाला तरी फाडून खावं, आणि तो माणूस शोधायला लांब जायचं कारण नव्हतं. सव्वीस वर्षं मी त्याला जपत होते असं मी समजत होते. मी त्याच्या अंगात माझी भीती भरत होते, चमच्याचमच्याने, बाळकडू पाजावं तशी. आणि आता ती भर रस्त्यात, ट्रकच्या चाकापाशी त्याचा पाय धरत होती.

मागच्या सीटवरून भाऊ म्हणाला, "सुमे, चांद्या नव्हता भडकला."

मी मागे वळले.

"मी भ्यालो होतो. जोडी पुरी भरात होती. पुढं गर्दी दिसली, पन मस्त दूर होती, टोकावर जाऊन जोडी आरामात थांबली असती. मीच अर्ध्यात कासरा खेचला. चांद्यानं आयकलं, दुसऱ्यानं नाई आयकलं. एक थांबला, एक पळाला. छकडा आडवा होनारच होता."

"मंग इतके वर्ष चांद्याचं नाव काहून सांगितलं?"

"बैल काय खोटं म्हनते का?" भाऊ हसायला गेला, पण त्याला ते जमलं नाही. "बाबांनं त्याले इकलं त्या दिवशी मी जेवलो नाई. सांगतो सांगतो म्हनलं, अन् बाबाच गेले. चांगला बैल होता वं. आयकनारा होता, म्हनून तं थांबला."

पंचवीस वर्षं मी ज्या पळण्याला शिव्या देत आले, त्याने माझ्या भावाचा पाय मोडलाच नव्हता. आणि बाबांची नजर? बाबाही फसलेच की. त्यांनी चांगला बैल ओळखून घेतला आणि चुकीच्या दिवशी विकला. नजर असली तरी मनात भीती असली की माणूस समोरचं दिसूनही नाही म्हणतो. मी तर ते धंतोलीच्या गल्लीत ठरवून केलं होतं.

मी पदराने काचेवरची धूळ आतून पुसू लागले. धूळ बाहेरून होती. मग म्हटलं, "अरू, मी खोटं बोलली तुह्याशी. ते धंतोलीवाली गाडी थांबत नाई. मले दिसलं होतं. पळत नाई म्हनून घे म्हटलं."

तो माझ्याकडे पाहतच राहिला. त्याने ओरडायला हवं होतं. ओरडला असता तर बरं वाटलं असतं.

"तुले पायजे तं क्वार्टर घे उमरेडले," मी म्हणाले. "मी येत जाईन. रोज ह्या रस्त्यानं येनं नको." हे बोलायला मला किती जड गेलं ते माझं मला माहीत.

"नाई," अरू म्हणाला. "पळून जाऊन काय होईन? तिथंबी जीप चालवाच लागते. मले गाडी चालवता आली पायजे आई."

मग त्याने गाडी पुन्हा रस्त्यावर घेतली. उमरेडपर्यंत गेलो. त्या दिवशी त्याने एकही ट्रक ओलांडला नाही, आणि मी एकही शब्द बोलले नाही. उमरेडला उभ्या उभ्या चहा प्यायलो. भाऊ गाडीला टेकून उभा होता, वाकड्या पायाला आधार देत, आणि तिच्या टपावर सारखा हात फिरवत होता. येताना म्हणाला, "हे घे गा अरू. आयकते हे." मी मान हलवली. मोठ्याने हो म्हणायला माझी जीभ अजून वळत नव्हती.

माघ लागला आणि लाल गाडी अंगणात आली. ह्यांनी तिला हार घातला, मागच्या सीटवर बसायचा एकदा प्रयत्न केला आणि ह्यांना त्यातून बाहेर काढायला अरूला आणि मला दोघांना ओढावं लागलं. तुरीचं पोतं मात्र मागची सीट पाडल्यावर बरोबर मावलं. काही दिवस अरू एकटाच भल्या सकाळी ती घेऊन जायचा, रिकाम्या रस्त्यावर. कुठे जातो, किती वेगाने जातो, मी विचारलं नाही. न विचारण्याचंही एक कष्टाचं काम असतं, आणि त्याची मजुरी कोणी देत नाही.

मग तो पहिल्यांदा तिच्यातून कामावर गेला तो दिवस. थंडी अजून होती. चोक ओढून त्याने गाडी सुरू केली, ती खाकरली, थांबली, पुन्हा लागली. मी दारात. इतक्या वर्षांची सवय ओठांपर्यंत आली होती. मी विचारलं, डबा घेतला का? त्याने डबा वर करून दाखवला. लाल पाठ कोपऱ्यावर वळली आणि आवाज लांब जात जात संपला.

तो दिवस कसा काढला म्हणून विचारू नये. डाळ निवडली, निवडलेली पुन्हा निवडली. ह्यांच्या सदऱ्याची एकच गुंडी दोनदा शिवली. रस्त्यावरून प्रत्येक गाडीचा आवाज आला की कान उभे राहायचे आणि दर वेळी ती दुसऱ्याची असायची. दुपार गेली. ऊन ओसरीवरून उतरलं, अंगणातून गेलं. शिफ्ट सुटून घरी पोचायची वेळ झाली, ती टळूनही अर्धा तास झाला. हे दोनदा फाटकापर्यंत जाऊन आले आणि दोन्ही वेळा म्हणाले की आपण पोस्टमन पाहायला गेलो होतो. संध्याकाळी पोस्टमन येत नाही, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

मग ती आली. अरूने गाडी फाटकाशी लावली, दार उघडलं, कोळशाच्या धुळीने काळं झालेलं तोंड घेऊन माझ्यासमोर येऊन उभा राहिला. डबासुद्धा गाडीतच विसरला होता. डोळे मात्र असे, की शाळेतून पहिल्यांदा पहिला नंबर घेऊन आला होता तेव्हाही नव्हते.

"आई," तो म्हणाला, "आज एक ट्रक मागं टाकला."

दाराची चौकट धरून मी विचारलं, "एकच?"